आधी कारण, मग पाना

आमच्या पिकअपमध्ये दोष होता, हे मी आजही ठामपणे म्हणतो. पण तो कारखान्यातूनच आला होता की आमच्या हातून झाला, हे आता कोणालाच सांगता येणार नाही. ते कळण्याचे सगळे मार्ग मी स्वतः बंद करून टाकले. ज्यांच्या घरचं पोट पिकअपवर चालतं त्यांना उपयोग व्हावा म्हणून सगळं घडलं तसं लिहितो आहे.

आम्ही ओतूर भागातले टोमॅटो-कांदावाले. माल बहुतेक नारायणगाव नाहीतर आळेफाट्याला जातो, आणि भाव बरा असला की माळशेज उतरून कल्याणला किंवा थेट वाशीला. भाड्याच्या गाडीची वाट बघून कंटाळलो, म्हणून कर्ज काढून नवी पिकअप घेतली. पहिल्या काही दिवसांतच एक गोष्ट लक्षात आली. गाडी रिकामी असली आणि काटा साठच्या आसपास गेला की सीटखाली झिणझिण्या यायच्या. स्टिअरिंग शांत असायचं, पण बूड आणि पाय थरथरायचे. माल भरला की सगळं गायब. परत येताना, गाडी रिकामी झाली की पुन्हा सुरू.

दोषाचा पत्ता या एका लक्षणातच होता, आणि तो मला वाचता आला नाही. पिकअपमध्ये इंजिन पुढे आणि ओढणारी चाकं मागे. गिअरबॉक्समधून निघालेली ताकद लांब शाफ्टमधून मागच्या हाऊसिंगमध्ये जाते. तिथे क्राऊन-पिनियन तिला काटकोनात वळवून एक्सलला देतात. आमच्या गाडीचा शाफ्ट दोन तुकड्यांचा आहे. मधे त्याला सेंटर बेअरिंगचा आधार आणि सांध्यांवर क्रॉस. गाडी रिकामी असली की मागचे पाटे फुगलेले असतात आणि शाफ्ट एका कोनात बसतो. दीड टन माल पडला की पाटे सपाट होतात आणि तो कोन बदलतो. झिणझिण्या भाराबरोबर येत-जात असतील, तर पहिला संशय या कोनावर घ्यायला हवा. हे मला आज कळतं. त्या वेळी मला एवढंच कळत होतं की नव्या गाडीला थरथर नसावी.

पहिली चूक सर्व्हिस सेंटरमध्ये झाली. गाडी वॉरंटीत होती. पण एक दिवस मोडायला नको म्हणून मी मालासकटच तिथे गेलो. त्यांच्या माणसाने भरलेली गाडी हायवेवर फिरवून आणली आणि काही जाणवत नाही म्हणाला. जाणवणार कसं? लक्षण रिकाम्या गाडीचं होतं. "नवी आहे, चालून चालून सेट होईल," असं सांगितलं आणि मी ते मानलं. जॉब कार्डवर माझी तक्रार लिहिली आहे का, हे मी वाचलंसुद्धा नाही. पुढे कागद काढून बघितला तेव्हा त्यावर फक्त "जनरल चेकअप, पाणी, ऑइल" एवढंच होतं. रिकामी गाडी, साठचा वेग, टॉप गिअर, सीटखाली थरथर, एवढे मोजके शब्द मी हट्टाने लिहून घेतले असते, तर पुढचा बराच भाग घडला नसता. तोंडी तक्रार हवेत विरते. यंत्राच्या बाबतीत तर ती केलीच नाही असं धरून चालावं.

दुसरी चूक हावेपोटी झाली, आणि हा शब्द मी विचार करून वापरतो आहे. २०२३ च्या जुलैत टोमॅटोचे भाव चढले, ते सगळ्यांच्या लक्षात असेल. अनेक वर्षं मातीमोल भावाने माल दिलेल्या माणसाला तो भाव दिसला की डोळे फिरतात. एका कॅरेटमध्ये वीस किलो माल आणि वर कॅरेटचं वजन. दीड टनाची गाडी सत्तर कॅरेटांनी भरते. आम्ही शंभर टाकायला लागलो, कधी त्याहून जास्त. मागचा भाग खाली बसायला लागला म्हणून दोन्ही बाजूंना एकेक जादा पाटा टाकून घेतला. आमच्याकडे जवळजवळ सगळेच टाकतात, त्यामुळे त्यात काही गैर आहे असं मनात आलंही नाही.

जादा पाट्याने भरलेली गाडी सरळ उभी राहिली, पण रिकामी गाडी मागून उंच झाली. म्हणजे शाफ्टचा जो कोन आधीच त्रास देत होता, तो आणखी वाढला. झिणझिण्या आता पन्नासलाच सुरू होऊन ऐंशीपर्यंत राहू लागल्या. शिवाय पाटा वाढवल्यामुळे गाडी कंपनीच्या मापाची राहिली नाही, आणि वॉरंटी नाकारायचं कारण मी माझ्या हाताने तयार केलं. पाटा वाढला म्हणून शाफ्टची, क्राऊनची किंवा क्लचची ताकद वाढत नाही. वाढते ती आपली हिंमत. हा हिशेब त्या हंगामात मी एकदाही मांडला नाही.

तिसरी चूक सगळ्यात शिकवणारी आहे, म्हणून तिच्यावर जरा थांबतो.

थरथर वाढल्यावर मी एका गॅरेजात गाडी नेली. तिथल्या पोराने खाली जाऊन शाफ्ट हातात धरून हलवला आणि क्रॉस गेले असावेत म्हणाला. मी लगेच म्हणालो, टाक नवे. संध्याकाळी माल भरायचा होता. मी डोक्यावर उभा राहून घाई करत होतो. त्याने शाफ्ट उतरवला, मधला दातेरी सांधा ओढून वेगळा केला, सेंटर बेअरिंगचं ब्रॅकेट सोडलं, क्रॉस ठोकून काढले, नवे बसवले आणि सगळं परत जोडलं. कुठेही खूण केली नाही. मीही विचारलं नाही.

क्रॉसचा सांधा दिसायला साधा असतो, पण त्याला एक खोड आहे. शाफ्ट कोनात असला की पुढची बाजू एकसारख्या वेगाने फिरत असली तरी मागची बाजू तशी फिरत नाही. प्रत्येक फेऱ्यात ती दोनदा थोडी पुढे पळते आणि दोनदा थोडी मागे रेंगाळते. सतराव्या शतकातल्या रॉबर्ट हूकच्या नावाने हा सांधा ओळखला जातो, आणि ही खोड तेव्हापासून माहीत आहे. तिच्यावर उपायही जुनाच आहे. शाफ्टच्या दुसऱ्या टोकाला तसाच सांधा लावायचा. पहिल्याने जो हिसका दिला तो दुसरा उलटा देऊन खोडून काढतो. पण त्यासाठी दोन अटी आहेत. दोन्ही सांध्यांचे कोन सारखे हवेत, आणि दोन्ही टोकांचे योक एका रेषेत हवेत. दातेरी सांधा जोडताना एक-दोन दात इकडेतिकडे झाले की योक तिरके बसतात, आणि मग एक हिसका दुसऱ्याला खोडत नाही. म्हणून चांगला मिस्त्री शाफ्ट सोडण्याआधी दोन्ही भागांवर खूण करतो. खूण करायला खडू पुरतो.

आमच्या शाफ्टवर ती खूण झाली नाही आणि योक तिरके बसले. आता भरलेली गाडीही थरथरू लागली. मला वाटलं, नवे क्रॉस खराब निघाले. पुन्हा बदलले. मग सेंटर बेअरिंग बदललं. मग चाकांचं बॅलन्सिंग केलं. मागे एका बाजूचा टायर झिजला होता, तिथे एकच नवा टाकला. आता एकाच एक्सलवरच्या दोन चाकांचा घेर सारखा राहिला नाही, म्हणजे सरळ रस्त्यावरही हाऊसिंगमधल्या डिफरन्शियलला सतत राबावं लागत होतं. प्रत्येक वेळी मी दोन-तीन गोष्टी एकदम करायला सांगत होतो, कारण गाडी पुन्हा पुन्हा उभी करायची नव्हती. त्यामुळे थोडं बरं वाटलं तरी कशाने बरं वाटलं ते कळायचं नाही, आणि बिघडलं तर कशाने बिघडलं तेही नाही. पैसे जात होते आणि माहिती मिळत नव्हती. दोष शोधताना एका वेळी एकच गोष्ट बदलायची असते. शेतात दोन औषधं एकदम फवारली तर कीड कशाने मेली ते सांगता येत नाही, हे मी लोकांना सांगत फिरणारा माणूस. गाडीपाशी तेच विसरलो.

सततच्या थरथरीचा मार शेवटी शाफ्टच्या मागच्या भागाला बसलाच, असं तेव्हा वाटलं. हाऊसिंगच्या नाकावरून, म्हणजे पिनियनच्या सीलमधून, ऑइल गळायला लागलं. सील बदलताना मी म्हणालो, नट चांगला आवळ, परत गळायला नको. पोराने पान्याला लांब पाइप लावून आवळला. आत दोन बेअरिंगांच्या मधे एक नळी असते. ती ठरावीक दाबाने थोडीशीच चेपायची असते, म्हणजे बेअरिंगांवर बेताचा ताण येतो. नट जास्त आवळला की ती नळी जास्त चेपते आणि बेअरिंगं घट्ट होऊन तापतात. नट नंतर सैल करून उपयोग नसतो, नळीच नवी टाकावी लागते. हे ना त्याला माहीत होतं, ना मला. वर ऑइलही दुकानात हाताला लागलं ते ओतलं. क्राऊन-पिनियनचे दात एकमेकांवर नुसते फिरत नाहीत, घासत सरकतात. म्हणून त्यांना जास्त दाब सोसणारं वेगळं गिअर ऑइल लागतं. डब्यावर कुठला दर्जा आहे ते बघायचं असतं. थोड्याच दिवसांत चाळीसच्या पुढे बारीक हूं असा आवाज सुरू झाला. ॲक्सिलरेटर दाबला की चढायचा, सोडला की बदलायचा. मी टेपचा आवाज वाढवायचो.

आता त्या चुकीविषयी, जी लिहिताना आजही जड जातं.

गाडी बहुतेक वेळा पुतण्या चालवायचा. तो मला सांगत होता की पहिला गिअर टाकून क्लच सोडला की खालून खट असा आवाज येतो, आणि हळू चालताना चिमणीसारखी चिकचिक येते. त्याने खाली वाकून मागच्या क्रॉसजवळ तांबूस भुकटी बसलेली पण दाखवली. कोरड्या पडलेल्या क्रॉसच्या आतल्या सुईसारख्या बेअरिंगांचा चुरा होऊन गंजतो, तीच ती भुकटी. क्रॉस आता टिकत नाही, हे ती सांगत असते. मी म्हणालो, "वाशीला माल टाकून ये, आल्यावर बघू."

रात्री माळशेज उतरताना क्रॉस तुटला. त्याचा फोन आला, "काका, गिअर लागतोय पण गाडी ओढत नाही. खाली कोणी घण मारल्यासारखं वाजलं." शाफ्ट मागच्या टोकाला सुटला की गाडी नुसती ओढायची थांबत नाही, घाटात इंजिनचा ब्रेकही जातो. गिअरमध्ये असलेली भरलेली गाडी न्यूट्रलमध्ये सोडल्यासारखी धावायला लागते. त्याने घाबरून ॲक्सिलरेटर दाबला नाही. ब्रेक आणि हँडब्रेक लावत डोंगराच्या बाजूच्या गटारात चाक घातलं आणि गाडी थांबवली. मी दुसरी गाडी घेऊन पोहोचलो तेव्हा तो दगडावर बसलेला होता आणि मागे चाकांना दगड लावलेले होते.

नंतर गाडी उचलून बघितली. सुटलेल्या शाफ्टने फिरता फिरता चेसीवर आणि हाऊसिंगजवळ खोल वार केले होते. मागच्या ब्रेकचा पाइप त्या शेवटच्या वारापासून चार बोटांवर होता. तो तुटला असता तर काय झालं असतं, हे मी त्या दिवशी मोजलं आणि अजूनही विसरलो नाही. पुढचा सांधा सुटून शाफ्टचं टोक रस्त्यात रुतलं असतं तर याहून वाईट झालं असतं. ज्याने दोष ओळखला होता त्याच्याच जिवावर मी तो सोपवला होता. मी त्याची माफी मागितली, घरातल्या सगळ्यांसमोर.

गाडी मग नारायणगावच्या बाजूच्या एका जुन्या मिस्त्रींकडे नेली. सगळे त्यांना चाचा म्हणतात. मी काय काय बदललं ते सांगायला लागलो, तर त्यांनी थांबवलं. "दादा, तुम्ही काय बदललं ते नंतर. गाडी काय करते ते सांगा." रिकामी असताना काय, भरल्यावर काय, कुठल्या वेगाला सुरू, कुठल्या वेगाला बंद, हे त्यांनी वहीत लिहिलं. शाफ्टवर योक तिरके होते, हे त्यांनी उभ्याउभ्याच दाखवलं. जमिनीवर शाफ्ट ठेवून दोन्ही टोकांवर खडूने रेघ मारली. दोन रेघा समोरासमोर यायला हव्या होत्या, त्या हातभर लांबीत वाकड्या गेल्या होत्या. एवढा मोठा दोष इतके दिवस माझ्या पायाखाली होता.

त्यांनी कामाचा क्रम ठरवला आणि तो मोडला नाही. आधी जादा पाटे काढले. मग योक रेषेत आणून नवे क्रॉस टाकले, ग्रीस चारही टोप्यांतून बाहेर येईपर्यंत मारलं. हाऊसिंगमधलं ऑइल काढलं. ते अंगठ्यावर घासून माझ्यासमोर धरलं, तर त्यात चांदीसारखी चकाकी होती. म्हणजे बेअरिंग आणि दात झिजून ऑइलमध्ये उतरले होते. पिनियनची बेअरिंगं निळी पडली होती. क्राऊन आणि पिनियन जोडीनेच बदलावे लागले, कारण त्यांचे दात कारखान्यात एकमेकांवर घासून जुळवलेले असतात, एकच बदलला तर गाणं म्हणतो. नव्या जोडीच्या दातांना निळा रंग लावून फिरवलं आणि घासलेला ठसा दाताच्या मधोमध येईपर्यंत पट्ट्या कमी-जास्त केल्या. सील का गळत होतं तेही तेव्हाच सापडलं. हाऊसिंगवरची हवा सोडणारी छोटी टोपी चिखलाने बंद झाली होती. तापलेल्या हवेला वाट न मिळाल्याने ती ऑइल सीलमधून ढकलत होती. जे काम काडीने टोपी साफ करून झालं असतं, त्यासाठी आम्ही पाइप लावून नट आवळला होता.

एवढं झाल्यावर त्यांनी गाडी रिकामी पळवली. साठला बारीक झिणझिणी अजून होती, अगदी पहिल्या आठवड्यात होती तशी. त्यांनी साठवर न्यूट्रल करून बघितलं. तरीही राहिली, म्हणजे दोष इंजिनचा नव्हता. या गाडीत शाफ्ट चाकाच्या जवळजवळ चौपट फेरे घेतो. चाकाचा दोष असता तर हेलकावा आला असता, आणि ही थरथर बारीक, जलद होती. मग सेंटर बेअरिंगच्या ब्रॅकेटकडे गेले. एका बाजूला खाली पट्टी होती, दुसऱ्या बाजूला नव्हती. ब्रॅकेट तिरकं, त्यामुळे शाफ्ट तिरका. दुसरी पट्टी घातली आणि थरथर थांबली.

ही पट्टी मुळातच नव्हती की ब्रॅकेट सोडलं तेव्हा पडली? मला खात्री वाटते की मुळातच नसावी, कारण लक्षण पहिल्या आठवड्यापासूनचं. पण खात्री वाटणं आणि दाखवता येणं यात फार अंतर आहे. मी सर्व्हिस सेंटरला गेलो. त्यांनी जादा पाट्याच्या खुणा आणि बाहेर उघडलेलं ब्रॅकेट दाखवून हात वर केले. वकिलांना विचारलं. ते म्हणाले, स्वतःच्या रोजगारासाठी घेतलेल्या गाडीचा मालकही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ग्राहक ठरू शकतो, दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. पण त्यांनी कागद मागितले. माझ्याकडे तक्रारीचा एक कागद नव्हता. होत्या त्या कांद्याच्या वजनकाट्याच्या पावत्या, आणि त्यांच्यावर आमचा जादा भार स्पष्ट छापलेला होता. जादा भाराला मोटार वाहन कायद्यात २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये दंड आहे, हेही त्यांनी सांगितलं. मी तक्रार केली नाही. माझा दावा खोटा होता म्हणून नव्हे, तर तो सिद्ध करणारा पुरावा मीच पुसला होता म्हणून.

आता आमच्या गाडीत एक वही असते. तिच्यात तारीख, किलोमीटर, आवाज कधी आला, रिकामी होती की भरलेली, हे लिहायचं. सर्व्हिसला गाडी लक्षण दिसेल त्याच अवस्थेत न्यायची आणि जॉब कार्ड वाचल्याशिवाय सही करायची नाही. वॉरंटी संपेपर्यंत बाहेरचा पाना लावायचा नाही. काही सोडायच्या आधी फोटो काढायचा आणि खडूने खूण करायची. काढलेला भाग घरी आणायचा. मागचे टायर जोडीने. कॅरेट सत्तर.

आणि एक नियम पुतण्याने सांगितला, मी तो मान्य केला. गाडी चालवणाऱ्याने खालचा आवाज ऐकला तर गाडी थांबवायचा निर्णय त्याचा. त्या दिवशी भाव कितीही असो, माल शेतात लाल होऊन पडलेला असो, त्यावर घरात कोणी बोलायचं नाही. मीसुद्धा नाही.